घरची पट्टी मोडीत काढू नका

मधुमेह झालेल्या कुत्र्याच्या किंवा मांजराच्या घरच्यांना हल्ली दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकायला मिळते: "घरी लघवी तपासत बसू नका, त्यातून काही कळत नाही." सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि ऐकणारा आधीच गांगरलेला असतो. रोज दोन वेळा सुई टोचायची, जेवणाच्या वेळा पाळायच्या, गावाला जायचे तर आधी इन्सुलिनच्या बर्फाची सोय बघायची, हे सगळे त्याच्या डोक्यावर नुकतेच येऊन पडलेले असते. एक काम कमी झाले म्हणून त्याला बरेच वाटते. औषधांच्या दुकानातून आणलेली पट्ट्यांची डबी तो कपाटात टाकतो आणि पुन्हा उघडत नाही. हा सल्ला अर्धा बरोबर आहे, आणि त्याच्या चुकीच्या अर्ध्या भागापायी प्राणी दगावू शकतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी बरोबर असलेला भाग मान्य करतो. मूत्रपिंडे रक्त गाळताना त्यातली साखर परत ओढून घेतात, पण त्यांच्या ताकदीला मर्यादा आहे. कुत्र्याच्या रक्तातली साखर दर डेसिलिटरला साधारण १८० ते २२० मिलिग्रॅमच्या वर गेली की ती लघवीत उतरू लागते. मांजराची मर्यादा आणखी वर, साधारण २५० ते ३०० असते. या मर्यादेखाली काय चालले आहे ते पट्टीला दिसत नाही. रक्तात साखर १५० असो की ४०, पट्टीवरचा साखरेचा चौकोन तसाच फिका राहतो. पहिल्या आकड्यावर प्राणी मजेत असतो, दुसऱ्यावर त्याला झटके येऊ शकतात. शिवाय मूत्राशयातली लघवी आत्ताची नसते, मागच्या काही तासांत साठत आलेली असते. म्हणून लघवीतल्या साखरेवरून इन्सुलिनचा डोस ठरवता येत नाही. यावर माझा वाद नाही.

हा धडा पशुवैद्यकाने ठेच खाऊन घेतला आहे. एकेकाळी डॉक्टरच मालकांना सकाळच्या लघवीच्या रंगावरून त्या दिवशीचे इन्सुलिन ठरवायला सांगत. रंग गडद आला की डोस थोडा वाढवायचा, फिका आला की कमी करायचा. त्यात गोची अशी की इन्सुलिन जास्त झाल्यावरही सकाळची लघवी गोडच येऊ शकते. साखर एकदम खाली कोसळली की शरीर घाबरून ग्लुकागॉन, ॲड्रेनॅलिन यांसारखी संप्रेरके सोडते, यकृत साठवलेली साखर रक्तात ओतते, आणि उजाडेपर्यंत पट्टी गडद तपकिरी होते. मालकाला वाटते डोस पुरला नाही. तो वाढवतो. दुसऱ्या रात्री साखर आणखी खोल जाते. मायकेल सोमोजी यांनी १९३०च्या दशकात माणसांच्या बाबतीत मांडलेली ही उसळीची कल्पना प्राण्यांत नेमकी किती वेळा खरी ठरते यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण रंग बघून रोज डोस हलवणे घातक आहे यावर एकमत आहे. पुढे पाठ्यपुस्तकांनीही तसे स्पष्ट बजावले.

माझी तक्रार त्यानंतरच्या उडीबद्दल आहे. "पट्टी बघून डोस वाढवू नका" हे वाक्य तोंडातोंडी होत "पट्टी वापरूच नका" असे झाले. ही दोन वाक्ये एक नाहीत. तापमापक बघून कोणी प्रतिजैविकाचा डोस ठरवत नाही, म्हणून घरातला तापमापक कोणी फेकून देत नाही. पट्टीचे काम पहारा ठेवण्याचे आहे. आणि त्या पट्टीवर साखरेच्या शेजारी दुसरा एक चौकोन असतो, ज्याच्याबद्दल हा सल्ला देणारे अवाक्षर काढत नाहीत.

तो चौकोन कीटोनचा.

इन्सुलिन कमी पडले की रक्तात साखर असूनही पेशींना ती वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळायला घेते आणि यकृत त्या चरबीतून कीटोन बनवते. थोड्या प्रमाणात ते चालून जातात. साचायला लागले की रक्त आम्लधर्मी होते, प्राणी उलट्या करतो, खाणे सोडतो, अंगातले पाणी कमी होते, पोटॅशियमचे प्रमाण बिघडते, श्वास खोल आणि जलद होतो. याला कीटोॲसिडोसिस म्हणतात. मधुमेही प्राण्यावर येणाऱ्या संकटांत हे सर्वांत भयंकर. शिरेतून सलाइन, जलद काम करणारे इन्सुलिन, तासातासाला रक्ततपासणी असे उपचार करत प्राण्याला बहुधा काही दिवस दवाखान्यातच ठेवावे लागते, आणि इतके करूनही काही प्राणी हाती लागत नाहीत.

पुष्कळदा मुळाशी दुसरेच दुखणे असते: स्वादुपिंडाची सूज, मूत्रमार्गाचा संसर्ग, नसबंदी न झालेल्या मादीच्या गर्भाशयात झालेला पू. कधी कारण इतके साधे असते की कोणाच्या ध्यानातच येत नाही. मे महिन्यात प्रवासात गाडीत राहिलेली इन्सुलिनची बाटली. फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकून गोठलेली आणि पुन्हा वितळलेली बाटली. घरचा माणूस इमानदारीने दोन वेळा टोचत असतो, आणि बाटलीतल्या औषधात दम उरलेला नसतो. अशा घरात आठवड्यातून दोन-तीनदा पट्टी बुडवली जात असेल तर कीटोनचा चौकोन आधी बदलतो, प्राणी आडवा पडण्याच्या आधी. पिवळट गुलाबी रंगाचा तो चौकोन कीटोन वाढत जातील तसा गडद होत जांभळट तांबडा होतो. तो रंग एकदा पाहिला की विसरता येत नाही.

आता विरोधकांनी उत्तर द्यावे. घरी रक्त तपासायचे नेहमीचे ग्लुकोमीटर कीटोन दाखवते का? नाही. कातडीवर चिकटवायचा सेन्सर दाखवतो का? नाही. महिन्याकाठी दवाखान्यात होणारी रक्ताची तपासणी मधल्या चार आठवड्यांत काय घडले ते सांगते का? रक्तातले कीटोन मोजणारी वेगळी यंत्रे आहेत, ती जास्त अचूकही आहेत, पण त्यांच्या पट्ट्या महाग आणि दर वेळी रक्ताचा थेंब हवा. तालुक्याच्या गावात ती मिळणे कठीण. तेव्हा "पट्टी बंद करा" असे सांगणारा माणूस कीटोन ओळखायचे घरातले एकमेव स्वस्त साधन काढून घेत असतो, आणि बदल्यात काही देत नसतो.

पट्टीची एक उणीव इथेच सांगायला हवी, कारण ती लपवली तर माझेही म्हणणे अर्धे होईल. ही पट्टी मुख्यतः ॲसिटोॲसिटेट नावाचा कीटोन पकडते. आजारी प्राण्यात ज्याचे प्रमाण सर्वांत जास्त असते तो बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट तिला दिसत नाही. त्यामुळे प्राणी उलट्या करत असेल आणि कीटोनचा चौकोन कोरा असेल, तर "काही नाही" असे समजून घरी थांबायचे नाही. कोऱ्या पट्टीच्या भरवशावर दवाखाना टाळू नये. कीटोनचा चौकोन गडद रंगलेला दिसला तर मात्र ताबडतोब निघावे. पट्टीच्या बाजूने इतकेच म्हणायचे आहे, आणि हे थोडेथोडके नाही.

आता सगळ्यात जोरात मांडला जाणारा मुद्दा: लघवी तपासणे जुनाट झाले. आपल्याकडे हा मुद्दा पटकन पटतो, कारण बऱ्याच घरांत आजोबांच्या काळची आठवण आहे. परीक्षानळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. उकळले की निळ्याचे हिरवे, पिवळे, नारिंगी आणि शेवटी विटेसारखे लाल. घरोघरी ग्लुकोमीटर आल्यावर माणसांनी ते सोडले, तेव्हा कुत्र्या-मांजरांसाठी ते कशाला, असा प्रश्न लोक विचारतात.

जुने म्हणून निरुपयोगी हा तर्कच मला मान्य नाही. १८८९ साली स्ट्रासबर्गमध्ये योझेफ फॉन मेरिंग आणि ऑस्कर मिंकोव्हस्की यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले. कुत्रा सारखी लघवी करू लागला म्हणून मिंकोव्हस्कींनी ती तपासली, तर तिच्यात साखर. मधुमेहाचा स्वादुपिंडाशी संबंध आहे हे जगाला त्या लघवीतून कळले. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून इन्सुलिनचा माग काढला आणि १९२२च्या जानेवारीत लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते टोचले गेले. माणसाला वाचवणारे ज्ञान कुत्र्यांच्या जिवावर मिळाले. आज त्याच औषधावर जगणाऱ्या कुत्र्याची लघवी घरी बघायला "कटकट" म्हणणे मला बरे वाटत नाही.

पण इतिहास राहू द्या, अगदी ताज्या घडामोडी बघा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२२मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन आणि ऑगस्ट २०२३मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिन ही मांजरांच्या मधुमेहावरची तोंडाने द्यायची औषधे मंजूर केली. मूत्रपिंडांना साखर परत ओढू न देणे हेच या औषधांचे काम, म्हणजे साखर मुद्दाम लघवीवाटे बाहेर काढायची. अशा मांजराच्या पट्टीवर साखरेचा चौकोन कायम गडद येणार, त्याला काही अर्थ राहत नाही. धोका वेगळाच आहे: रक्तातली साखर जवळपास ठीक दिसत असतानाही या मांजरांना कीटोॲसिडोसिस होऊ शकतो. म्हणून ही औषधे सुरू केल्यावर कीटोनवर लक्ष ठेवायला बजावलेले असते. नुसते ग्लुकोमीटर हातात असलेला मालक इथे पूर्ण फसेल. आकडा छान येईल आणि मांजर हातचे जाईल. ज्या पट्टीला जुनाट म्हणून बाजूला सारले, तिची गरज या नव्या औषधांनी वाढवली आहे.

सेन्सरबद्दल माझ्या मनात अढी नाही. माणसांसाठी बनवलेला फ्रीस्टाइल लिब्रे आपल्याकडेही प्राण्यांना लावतात, मानेचे किंवा कुशीवरचे केस भादरून. दिवसरात्रीचा साखरेचा आलेख मिळतो, आणि डोस ठरवायला त्याच्यासारखी दुसरी सोय नाही. ज्यांना परवडते त्यांनी अवश्य लावावा. पण तो चौदा दिवसांसाठी असतो, अंग झटकणाऱ्या कुत्र्याच्या कातडीवर पुष्कळदा तेवढाही टिकत नाही, आणि प्रत्येक सेन्सरमागे काही हजार रुपये जातात. कुत्रा मधुमेह घेऊन वर्षानुवर्षे जगतो. वर्षभर सेन्सरवर सेन्सर लावणारी घरे किती? ग्लुकोमीटरचे म्हणाल तर माणसांचे यंत्र कुत्र्या-मांजरांत बहुधा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते, कारण रक्तातली साखर द्रव भागात आणि तांबड्या पेशींत ज्या प्रमाणात वाटलेली असते ते प्रमाण या प्राण्यांत वेगळे आहे. तरीही ते वापरावे, डॉक्टरांकडून नीट शिकून घेऊन. पण रोज कानाला सुई टोचून घेणारे मांजर सगळ्यांच्या नशिबी नसते. काही मांजरे इन्सुलिनची बारीक सुई निमूट सोसतात आणि कानाला हात लावला की नखे काढतात.

मांजरांच्या बाबतीत तर विरोधाभास डोळ्यांवर येतो. टोपलीत कोंबलेले, रिक्षाच्या आवाजाने बिथरलेले, दवाखान्यात भुंकणाऱ्या कुत्र्यांमध्ये बसलेले मांजर ताणानेच रक्तातली साखर ३००च्या वर नेऊ शकते, मधुमेह नसतानाही. हे प्रत्येक पशुवैद्याला माहीत असते. म्हणूनच निदानाच्या वेळी शंका आली की तेच मालकाला सांगतात, घरी शांतपणे केलेली लघवी घेऊन या. निदान करताना घरची लघवी विश्वासार्ह, आणि उपचार सुरू झाले की तीच कुचकामी, हे कसे?

मांजराच्या घरात पट्टीला आणखी एक काम आहे. लवकर इन्सुलिन मिळालेल्या, कर्बोदके कमी असलेला आहार घेणाऱ्या बऱ्याच मांजरांचा मधुमेह मागे हटतो. स्वादुपिंड पुन्हा काम करू लागते. ही आनंदाची गोष्ट आहे, पण घरच्यांना कळली तरच. नाही कळली तर ते दोन वेळा इन्सुलिन टोचत राहतात आणि एके दिवशी मांजर लडखडते, कोसळते, त्याला झटके येतात. सतत गोड येणारी लघवी काही दिवस लागोपाठ साखरमुक्त आली, तर तो डॉक्टरांना फोन करण्याचा इशारा. पट्टी डोस सांगत नाही हे खरे, पण रक्त तपासून डोस कमी करण्याची वेळ आली असावी एवढे ती सांगते. अमेरिकन ॲनिमल हॉस्पिटल असोसिएशनच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनाही लघवीतल्या साखरेकडे याच नजरेने बघतात: डोस तिच्यावर बेतू नये, पण हा बदल टिपायला ती कामाची. आपल्याकडे मात्र त्यातला नकार तेवढा पोहोचला.

आमच्या घरी पॉमेरेनियन होती, ढमी. नसबंदी केलेली नव्हती. त्या वेळी आमच्या गावात कोणी सुचवतही नसे. गॅलरीत तिने शू केली की थोड्या वेळात तिथे मुंग्यांची रांग लागे, आणि आईने त्यावरूनच ओळखले. आपल्या जुन्या वैद्यक ग्रंथांतही लघवीकडे मुंग्या धावणे हे प्रमेहाचे लक्षण म्हणून नोंदलेले आहे. ढमीची साखर इन्सुलिनवर नीट बसली होती. मग ती माजावर येऊन गेली आणि पुढच्या आठवड्यांत पट्टी रोज गडद यायला लागली. इन्सुलिन तेच, खाणे तेच. माजानंतर जवळपास दोन महिने मादीच्या अंगात प्रोजेस्टेरॉन चढे राहते, त्याच्या प्रभावाने वाढ-संप्रेरक जास्त स्रवते आणि इन्सुलिन लागू पडेनासे होते. मधुमेही मादीची नसबंदी हा उपचाराचाच भाग असतो तो याच कारणाने. आम्ही ज्या दवाखान्यात जात होतो तिथे "पट्टी बघू नका, घाबराल" असेच सांगितले गेले होते. आम्ही बघत राहिलो, वही घेऊन गेलो, आणि वहीतली तारखांची ओळ बघून दुसऱ्या एका तरुण डॉक्टरांनी कारण लगेच सांगितले. तिचे ऑपरेशन झाले आणि त्यानंतर तिचे इन्सुलिन कमी करावे लागले.

लघवी धरायची कशी, हा प्रश्न लोकांना जितका अवघड वाटतो तितका तो नाही. ढमी बसली की मागून एक उथळ स्टीलची ताटली हळूच सरकवायची, आधी नाही. आधी दिसली तर ती उठून चालू लागे. नर कुत्र्यासाठी लांब दांड्याचा जुना डाव चांगला. वाकावे लागत नाही आणि तो दचकत नाही. सकाळची पहिली लघवी घ्यावी. मांजराच्या ट्रेमध्ये नेहमीची माती न घालता पाणी न शोषणारे प्लॅस्टिकचे मणी किंवा मत्स्यटाकीतले धुतलेले खडे टाकायचे. काही मांजरे रिकाम्या ट्रेमध्येही करतात. पट्टी बुडवायची, कडेने निथळायची, आडवी धरायची आणि सेकंदकाटा बघायचा. साखर आणि कीटोन दोन्ही असलेल्या नेहमीच्या पट्टीवर कीटोन १५ सेकंदांनी आणि साखर ३० सेकंदांनी वाचतात, तरी आपल्या डबीवर काय छापले आहे ते बघावे. उशिरा वाचलेला रंग खोटा. रंग दिवसाच्या उजेडात ताडावा, पिवळ्या बल्बखाली हिरवा आणि तपकिरी यांत गफलत होते. ही सगळी कृती चहाला आधण येईपर्यंत उरकते.

दुकानात नुसते "लघवीची पट्टी द्या" म्हटले तर पुष्कळदा युरिस्टिक्स हातात पडते. तिच्यावर साखर आणि प्रथिने असतात, कीटोन नसतो. डबीवर कीटोन लिहिले आहे याची खात्री करूनच घ्या. मूत्रसंसर्गासाठी पांढऱ्या पेशी दाखवणारा चौकोन असलेल्या महागड्या पट्ट्याही मिळतात; कुत्र्या-मांजरांत तो चौकोन भरवशाचा नाही, त्यासाठी जादा पैसे घालवू नयेत.

"पट्ट्या खोटे बोलतात" असेही म्हणतात. बोलतात, पण कधी ते माहीत असले की फसत नाही. साखरेच्या चौकोनात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर असते. ते साखरेपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते आणि त्यामुळे रंग उमटतो. म्हणून ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुतलेली ताटली नीट खळबळली नसेल, तर साखर नसतानाही रंग येतो. 'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर उलटे होते, असलेली साखर लपते. फ्रीजमधून काढलेली गार लघवी तपासली तरी साखर कमी दिसू शकते. आणि कोकणात, मुंबईत पावसाळ्यात डबीचे झाकण उघडे राहिले की दमट हवेने पट्ट्या वाया जातात. डबीतली ओल शोषणारी पुडी फेकू नका आणि पट्ट्या दुसऱ्या डबीत काढू नका. आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी ध्यानात घ्यायची: पट्टीवर साखर दिसली म्हणजे मधुमेहच असे नाही. बसेंजी जातीच्या कुत्र्यांत फॅनकोनी नावाचा मूत्रपिंडाचा आनुवंशिक विकार आढळतो, त्यात रक्तातली साखर ठीक असूनही लघवी गोड असते. म्हणून निदान पट्टीवर होत नाही, रक्तावर होते.

राहिला तो मालकांच्या घाबरण्याचा मुद्दा. रंग बघून लोक मनाने डोस वाढवतील, ही भीती डॉक्टर खरेच मनापासून बोलून दाखवतात. पण ज्या माणसाच्या हातात आपण इन्सुलिनची सुई दिली, त्याच्या हातात पट्टी द्यायला घाबरायचे, हे मला पटत नाही. आपल्याकडे ४० युनिटच्या बाटल्या आणि १०० युनिटची पेने दोन्ही चालतात. लाल टोपीची सिरिंज कोणती आणि नारिंगी टोपीची कोणती यात घोळ झाला तर डोस अडीच पट होतो. इतकी धोक्याची गोष्ट आपण मालकाला समजावून सांगतो आणि तो ती शिकतो. शाळा न शिकलेल्या बायका कुत्र्याला बिनचूक इन्सुलिन देताना मी पाहिल्या आहेत. त्यांना "रंग काहीही येवो, डोस मी सांगितल्याशिवाय हलवायचा नाही" हे एक वाक्य पाळता येणार नाही असे गृहीत धरणे हा त्यांचा अपमान आहे. मनाने डोस वाढवण्यावर उपाय म्हणजे तेवढे वाक्य केसपेपरवर ठळक लिहिणे. माहितीच काढून घेतल्याने माणूस शहाणा होत नाही. तो अंदाजाने वागू लागतो, आणि ते जास्त वाईट.

दुसरीही एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. मुंबई-पुण्यात प्राण्याला दिवसभर ठेवून दर दोन तासांनी रक्त घेणारे दवाखाने आहेत. जिल्ह्याच्या आतल्या भागात सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा जीव गाई-म्हशी-शेळ्यांत गुंतलेला असतो, आणि तो असायलाच हवा. तिथल्या घरातल्या मधुमेही कुत्र्याला "सेन्सर लावा, फ्रुक्टोसामाइनची रक्ततपासणी करा" हा सल्ला म्हणजे उपचार नाकारल्यासारखेच. काही शे रुपयांची पट्ट्यांची डबी आणि एक वही त्याच्या आवाक्यात आहे. त्या वहीत तारीख, साखर, कीटोन, पाणी किती प्यायला, जेवला की नाही, एवढे असले आणि महिन्याला वजनाचा आकडा असला, तर पन्नास किलोमीटरवरचा डॉक्टर फोनवर निदान धोका तरी ओळखू शकतो.

म्हणून पशुवैद्यांना माझी विनंती आहे. पट्टीला नको म्हणण्याऐवजी पाच मिनिटे काढून ती कशी वाचायची ते दाखवा, आणि कोणत्या रंगाला तुम्हाला फोन करायचा ते लिहून द्या. आठवडाभर साखर सतत गडद तपकिरी राहिली तर फोन. साखरेचा पत्ताच नाही असे काही दिवस चालले तर फोन. कीटोनची हलकीशी छटा दिसली आणि प्राणी खातोपितो आहे, तर फोन आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी.

आणि ज्यांच्या घरी असा प्राणी आहे त्यांना: डबी कपाटातून काढा, तिच्यावरची मुदत बघा आणि उद्या सकाळपासून सुरू करा. तो लडखडत असेल, थरथरत असेल तर पट्टीच्या नादी लागू नका, हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचे पाणी चोळा आणि डॉक्टरांना गाठा. झटका आलेला असेल तर तोंडात बोट घालू नका. त्याने जेवण टाकले आणि उलट्या सुरू झाल्या, तर पट्टी काहीही दाखवत असो, त्याच दिवशी दवाखाना गाठा. कीटोनचा चौकोन जांभळट झाला असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. सकाळपर्यंत थांबू नका.